साळवे सरांचं कुलूप

साळवे सरांना लाज फार लवकर वाटायची. वर्गात एखाद्या पोरानं ठार चुकीचं उत्तर दिलं तर पोरगं मजेत बसलेलं असायचं आणि सर मान खाली घालून हातातला खडू फिरवत उभे राहायचे. बसस्टँडवर कंडक्टर कुणा म्हातारीवर खेकसला तर हे पुढं होऊन तिची माफी मागायचे. मी एकदा त्यांना म्हणाले, "सर, जगाची लाज वाहायचा ठेका तुम्हीच घेतलाय का?" त्यावर ते म्हणाले, "कुणी तरी घ्यायला पाहिजे ना मॅडम." आणि मग आपण जरा जास्तच बोललो असं वाटून दिवसभर माझ्यासमोर आले नाहीत.

अंबडच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवायचे आणि ते कॉम्प्युटर. माझा वर्ग आणि त्यांची लॅब यांच्यामध्ये प्लायवूडची एक फळी होती. त्या फळीला कान होते असं म्हणायची गरज नव्हती, कारण पलीकडून येणारा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. सर एक वाक्य बोलत आणि विचारत, "पोचलं?" सगळी लॅब ओरडायची, "पोचलं." पुढचं वाक्य, पुन्हा "पोचलं?", पुन्हा "पोचलं." इकडे मी विरहाची कविता शिकवत असायचे. नायिका डोळ्यांत पाणी आणून वाट बघतेय आणि फळीपलीकडून पन्नास-साठ पोरं सांगतायत की पोचलं. माझा वर्ग हसून लोळायचा. मी प्राचार्यांकडे तक्रार केली, तेव्हा सर स्वतः येऊन म्हणाले, "मॅडम, तुमचं बराबर हाय. पण हा टीसीपी हाय, त्याच्यात पोच घ्यावीच लागते."

टीसीपी म्हणजे काय हे मला त्या वेळी माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नव्हती. पण साळवे सरांच्या शेजारी वर्षानुवर्षं बसल्यावर माणूस किती दिवस कोरडा राहणार? प्रोटोकॉल म्हणजे बोलायची रीत, असं ते सांगायचे. आधी कुणी बोलायचं, मग कुणी, ऐकू आलं नाही तर काय करायचं, बोलणं संपलं हे कसं कळवायचं, एवढं आधी ठरवून घेतलं म्हणजे झाला प्रोटोकॉल. सर शहागडचे. त्यांच्या वस्तीत मोबाइलची रेंज यायची आणि जायची. तिथं कुणीही फोन लावला की आधी विचारतो, ऐकू येतंय का. पलीकडचा म्हणतो, येतंय, माझं तुला येतंय का. पहिला म्हणतो, येतंय. मग कामाचं बोलणं. "दोन कॉम्प्युटर बोलायला लागले की आधी एवढंच करतात," सर म्हणायचे. "आपल्या लोकांना हे कुणी शिकवलं न्हाई, तरी येतं." हे सांगताना त्यांना इतका आनंद व्हायचा, की तो शोध जणू त्यांच्या वस्तीतच लागला होता.

घरीही तेच चालायचं. त्यांच्या बायकोनं मला एकदा हसत हसत सांगितलं की मीठ आणायचं सांगितलं तरी पोचलं म्हणावं लागतं, नाही तर हे मीठ-मीठ करत मागं फिरत राहतात.

लॅबमधले निम्मे कॉम्प्युटर बंद असायचे आणि नेट स्वतःच्या मर्जीनं यायचं. म्हणून सरांनी पोरांनाच कॉम्प्युटर केलं. मैदानात उभं करायचं, प्रत्येकाच्या छातीवर टाचणीनं एक नंबर लावायचा आणि एका चिठ्ठीचे तुकडे करून ते एकाकडून दुसऱ्याकडे पाठवायचे. मध्ये लिंबाखाली एक जण राउटर. तुकडा आला की नंबर बघायचा आणि योग्य दिशेला ढकलायचा. एकदा असा खेळ रंगात आला असताना मागच्या गल्लीतली शेळी मैदानात आली आणि राउटरच्या हातातला तुकडा खाऊन मोकळी झाली. पोरं हसायला लागली, पण सरांचा चेहरा खुलला. कितीतरी वर्षं त्यांना हेच शिकवायचं होतं आणि शेळीनं ते करून दाखवलं होतं. ज्याच्याकडं तुकडा पोचायचा तो पोरगा वैतागून राउटरला शिव्या द्यायला लागला, तेव्हा सरांनी त्याला थांबवलं. म्हणाले, "पोचलं न्हाई तर घेणाऱ्याचा दोष न्हाई, वाटेतल्याचा बी न्हाई. पाठवणाऱ्यानं पुन्हा पाठवायचं. जिम्मेदारी पाठवणाऱ्याची." पाठवणाऱ्या मुलीनं वहीचं पान फाडून तोच तुकडा परत लिहिला. ती मुलगी पूनम. वडीगोद्रीची. तिच्याबद्दल पुढं सांगायचंच आहे.

पाठवणाऱ्याची जबाबदारी ही गोष्ट सरांनी पुस्तकातून घेतली होती की स्वभावातच होती, मला ठरवता येत नाही. एखादा पोरगा नापास झाला की ते म्हणायचे, माझंच काही तरी वाटेत गळालं. त्याला पुन्हा बोलवायचे आणि पुन्हा शिकवायचे.

सगळ्याच रीतींमध्ये पोच घेत नाहीत हेही त्यांनीच मला शिकवलं. नळाला उद्या पाणी येणार नाही, असं भोंग्यावर सांगत रिक्षा गावातून जाते. ती कुणाच्या दारात थांबत नाही, ऐकलं का म्हणून विचारत नाही. तो यूडीपी. व्हिडिओवर बोलताना हीच रीत चालते, कारण गळालेलं आणायला मागं गेलं तर पुढचं सगळं खोळंबतं. एकदा तपासणी समिती व्हिडिओवरूनच कॉलेज बघणार होती. प्राचार्यांनी नवा कोट घालून भाषण सुरू केलं आणि कॉलेजच्या प्रगतीवर येताच चित्र गोठलं. प्राचार्य तोंड उघडं ठेवून पडद्यावर तसेच राहिले. चित्र परत आलं तेव्हा त्यांनी भाषण पहिल्यापासून सुरू केलं, तर साळवे सर हळूच कानाशी जाऊन म्हणाले, "सर, हे यूडीपी हाय. गेलेलं गेलं. पुढं चला." प्राचार्य नंतर आठवडाभर त्यांच्याशी बोलत नव्हते आणि सरांनी तो आठवडा शरमेनं लॅबमध्येच डबा खाल्ला.

आम्ही एकदा मुलांची सहल घेऊन राजूरच्या गणपतीला गेलो होतो. चतुर्थी होती, गर्दी तुफान. मुलं दर्शनाला आत गेली. सर बौद्ध. ते आत गेले नाहीत, आणि आपण जात नाही याचा बोभाटाही केला नाही. बाहेर सगळ्यांच्या चपला सांभाळत उभे राहिले. परत निघायच्या वेळी आमचा बसवाला सापडेना. फोन बंद. सरांनी नारळवाल्याला विचारलं. तो म्हणाला, मला न्हाई माहीत, पण सगळे ड्रायव्हर त्या हॉटेलात जेवतात, त्याला विचारा. हॉटेलवाला म्हणाला, जालन्याकडच्या गाड्यांचं पंक्चरवाल्याला ठाऊक. पंक्चरवाल्यानं हात करून दाखवलं, त्या बाभळीखाली झोपलाय बघा. आता माणसं गाडीत बसतील असं मला वाटलं, तर सरांनी मुलांना पंक्चरच्या दुकानासमोर उभं करून डीएनएस शिकवायला घेतलं. साइटचं नाव आपल्याला ठाऊक, पत्ता ठाऊक नाही. ज्याला विचारू त्यालाही ठाऊक नसतो, पण कुणाला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक असतं. असं विचारत विचारत शेवटच्याकडं खरा पत्ता मिळतो. पंक्चरवाला पान्हा हातात घेऊन ऐकत होता आणि अधूनमधून मान हलवत होता. अंधार पडायच्या आत घरी पोचायचं हे माझं गणित तिथंच संपलं.

असा माणूस. आता कुलपाचं सांगते.

गावोगाव लोक मोबाइलवर फसायला लागले होते. कुणाचा अंगठा, कुणाचा आधार, कुणाची पेन्शन. कॉम्प्युटरचे सर म्हणून लोक साळवे सरांना रस्त्यात अडवून विचारायचे, काय करावं. लांबलचक उत्तर कुणाला नको होतं. मग सरांनी एक वाक्य तयार केलं. पत्त्याच्या आधी बारकं कुलूप दिसलं की दार आपलंच समजा. पुस्तकात वेबसाइटच्या पत्त्याचे एचटीटीपी आणि एचटीटीपीएस असे दोन प्रकार होते. पहिल्यात मजकूर उघडा जातो, पोस्टकार्डासारखा. दुसऱ्यात तो बंद होऊन जातो आणि वर कुलपाची खूण दिसते. सर वर्गात एवढं नीट सांगायचे आणि शेवटी ते वाक्य टाकायचे. ते वाक्य तालात होतं. पोरं ते घरी घेऊन गेली. ग्रामसभेतही सरांना बोलावलं, तिथं टाळ्या पडल्या. माझ्या सासूबाईसुद्धा जालन्यात बसून मोबाइलवर कुलूप शोधायला लागल्या होत्या.

पूनम बारावी झाली आणि नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज भरायला बसली. मैत्रिणींच्या ग्रुपवर लिंक आली होती. तिनं ती उघडली, कुलूप पाहिलं, वडिलांना दाखवलं आणि सगळे कागद अपलोड करून फी भरली. पावतीही आली. कागद तपासायच्या दिवशी बापलेक शहरात गेले तेव्हा कळलं की यादीत तिचं नावच नाही. ती साइट खऱ्यासारखी दिसणारी दुसरीच कुणाची तरी होती. खरी मुदत संपून गेली होती. वर्ष गेलं.

पूनमच्या वडिलांचं वडीगोद्रीच्या फाट्यावर चहाचं हॉटेल आहे. शहागडहून अंबडला यायचं तर वाट तिथूनच, आणि साळवे सर रोज सकाळी तिथं गाडी थांबवून चहा घ्यायचे. वडिलांनी त्यांना ही गोष्ट सांगितली ती दुखणं सांगावं तशी. दोष देण्याचा विचारही त्यांच्या मनात नव्हता. उलट पोरीची बाजू घेऊन ते म्हणाले, "पोरीनं बराबर बघितलं होतं सर. कुलूप होतं. तुम्ही सांगितलं तसंच केलं तिनं."

सरांनी अर्धा चहा तसाच ठेवला. दुसऱ्या दिवसापासून ते शेतांमधल्या आतल्या रस्त्यानं अंबडला यायला लागले. चिखलानं भरलेली गाडी आणि गुडघ्यापर्यंत उडालेली पँट घेऊन ते कॉलेजात शिरायचे. रस्त्याचं काम चालू आहे असं सांगायचे.

मला आधी कळलं ते फळीमुळे. पलीकडून आवाज यायचा बंद झाला. सर शिकवत होते, पण पोच मागत नव्हते. माझ्या कविता आता निवांत चालायच्या आणि मला त्या निवांतपणात अजिबात करमत नव्हतं. शेवटी एका दुपारी स्टाफरूममध्ये मी त्यांना सरळ विचारलं. बराच वेळ त्यांनी डब्याचं झाकण काढलं, लावलं. मग सांगितलं.

"मॅडम, कुलूप एवढंच सांगतं, की वाटेत कुणी पत्र फोडलं न्हाई. पत्र चोराच्याच घरी चाललं असंल तर कुलूप काय करील? पोरीनं बंद पाकिटात घालून सगळं चोराच्या हातात नेऊन दिलं. आणि मी म्हणलो होतो, दार आपलंच समजा."

मी म्हणाले, अहो, सगळे असंच सांगत होते. वर्तमानपत्रात यायचं, बँकवाले सांगायचे. पुढं काही दिवसांनी ब्राउझर बनवणाऱ्यांनीही लोकांचा गैरसमज होतो म्हणून ती खूण बदलली, तेव्हा मी मुद्दाम ती बातमी त्यांना दाखवली. जगभर लोक फसले, तुम्ही एकटे नाही. त्यांनी ती नीट वाचली आणि फोन मला परत दिला. म्हणाले, "त्यांनी त्यांचं कुलूप काढून घेतलं. मी माझं वाक्य कसं काढून घेऊ?" मग माझ्याकडं न बघता, "बाकी सगळं वाटेत गळतं मॅडम. हे बराबर पोचलं."

मराठी शिकवणाऱ्या बाईला शब्द सापडू नयेत याची मला त्या दिवशी लाज वाटली. पाठवणाऱ्यानं पुन्हा पाठवायचं हे तुम्हीच सांगता ना, असं मी तोंडावर आणलं आणि गिळलं. त्यांना ते माझ्याआधी सुचलं असणार. सुचूनही पाय उचलत नव्हता, तेच तर दुखत होतं.

थंडीच्या दिवसांत एकदा कॉलेज सुटल्यावर ते माझ्या गाडीपाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, वडीगोद्रीला याल का माझ्यासंगं. एकटा गेलो तर फाट्यावरून परत फिरेन, याच्या आधी दोनदा फिरलोय. मी गाडीचं दार उघडलं. फाटा दिसायला लागल्यावर त्यांनी गाडी थांबवायला लावली, बाटलीतल्या पाण्यानं तोंड धुतलं आणि रुमालानं परत परत पुसत राहिले.

पूनमच्या वडिलांनी आम्हाला बघून बाकडं गमछानं पुसलं आणि चहा टाकला. इतके दिवस कुठं होता, हेही विचारलं नाही. पूनम समोरच्या मेडिकलमध्ये कामाला होती. तिला हाक मारली तशी ती ओढणी सावरत रस्ता ओलांडून आली आणि पहिलं वाक्य बोलली ते हे, "सर, तब्येत बरी न्हाई का? लई दिवस झाले, दिसले न्हाईत." सर बसलेले उठून उभे राहिले.

"पूनम, मी तुला चुकीचं शिकवलं," ते म्हणाले. "कुलूप असलं म्हणजे समोरचा खरा, असं न्हाई. मला हे ठाऊक होतं. पुस्तकात होतं. पण लांब सांगितलं की लोक ऐकत न्हाईत आणि थोडक्यात सांगितलं की टाळ्या वाजवतात, म्हणून मी थोडक्यात सांगितलं."

वडील मध्ये पडले, "जाऊ द्या ना सर, नशीब." सरांनी हात जोडून त्यांना थांबवलं.

चहा उतू जायला लागला तेव्हा पूनमनंच वाकून गॅस बारीक केला. मग म्हणाली, "म्हंजी मी बराबर बघितलं होतं?"

"बराबर बघितलं होतंस."

"मला वाटलं, मीच बघायला चुकले," ती म्हणाली. "मला वाटलं कुलूप नसंलच, मला भास झाला. म्हणून मी कुणाला सांगितलं बी न्हाई. बाबा सोडून वस्तीत कुणालाच ठाऊक न्हाई. जागा मिळाली न्हाई एवढंच सांगितलं."

मी सरांकडं बघायचं टाळलं. इतके महिने हा माणूस शेताच्या रस्त्यानं आपली लाज चुकवत फिरत होता, आणि ती लाज इथं ही पोरगी गोळ्यांची पाकिटं मोजत एकटी वागवत होती. त्याच वेळी येऊन दोन वाक्यं बोलला असता तर तिचं वर्ष परत आलं नसतं, पण रात्री झोप तरी आली असती. हे सगळं सरांनाही त्याच क्षणी कळलं असावं, कारण ते बाकड्यावर बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून जमिनीकडं बघत राहिले. वडिलांनी चहाचा कप पुढं केला तो त्यांना दिसलाच नाही.

पूनमच म्हणाली, "सर, पण मी वस्तीतल्या सगळ्या बायांना तेच शिकवलंय. बारावीत असताना. घरोघर जाऊन. कुलूप बघा आणि बिनधास्त राहा म्हणून. त्या अजून तसंच करून राह्यल्यात."

सरांनी मान वर केली. "कुठंय वस्ती?"

"हे काय, मागंच."

मेडिकलवाल्याला सांगून पूनम पुढं निघाली, सर तिच्या मागं, आणि मी गल्लीच्या तोंडाशी थांबले. पुढं जायची गरज नव्हती, सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. पूनम दारात जाऊन हाक मारायची, बाई हात पुसत बाहेर यायची. मग पूनम आधी स्वतःचं सांगायची, की मी फसले, अशी अशी फसले. इतके दिवस दाबून ठेवलेलं ती मोठ्यानं बोलत होती आणि प्रत्येक दारात तिचा आवाज थोडा मोकळा होत होता. त्यानंतर सर सांगायचे. वाक्यात ताल नव्हता, टाळ्या पडण्यासारखं काही नव्हतं. लिंकवरून जाऊ नका, खऱ्या ठिकाणाचं नाव खात्रीच्या माणसाकडून घ्या, अक्षर न् अक्षर स्वतः टाका, शंका आली तर थांबा आणि विचारा. लांबलचक सांगत होते. एका बाईला समजलं नाही, तिला पुन्हा सांगितलं. दुसरी म्हणाली, मग आधी कशाला तसं सांगितलं होतं. सर म्हणाले, चुकलो.

त्यानंतर वर्षभरात माझी बदली जालन्याला झाली. पूनमला पुढच्या खेपेला प्रवेश मिळाल्याचं तिच्या वडिलांकडून कळलं. सर निवृत्त झाले तेव्हा कार्यक्रमाला मी जाऊ शकले नाही. म्हणून माझ्या डोळ्यांपुढं त्यांचं शेवटचं चित्र आहे ते त्या गल्लीतलंच.

ऊन उतरलं होतं. शेवटच्या घरातली म्हातारी डोळ्यांवर हात धरून बाहेर आली. पूनमला तिनं ओळखलं. मागं उभ्या असलेल्या माणसाकडं बोट करून विचारलं, "ह्ये कोण?"

पूनम म्हणाली, "आमचे सर हायेत."

"सर हायेत तर बाहेर कामून उभं केलंस? आत बोलव की."

सरांनी चपला काढल्या होत्या, पण ते उंबऱ्यापाशीच थांबले.

"आधी ऐका आजी," ते म्हणाले. "मंग बोलवायचं का न्हाई, ते ठरवा."